लेखकांची जतन केलेली घरे : नागपूरहून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आमचा वाचकांचा एक लहानसा गट वर्षातून दोन-तीन वेळा नागपूरहून लेखकांची घरे पाहायला निघतो. त्या सहलींविषयी विचारणा करणारे निरोप सतत येत असतात आणि त्यांतले बहुतेक प्रश्न तेच ते असतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. जो मुद्दा एकदा आला आहे तो पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेळा आणि शुल्क मुद्दामच दिलेले नाही. ते बदलत असते.

१. लेखकाचे घर, स्मारक आणि संग्रहालय यांत फरक काय? आम्हाला तर सगळे सारखेच वाटते.

फरक मोठा आहे आणि तो आधी ध्यानात घेतला नाही तर हिरमोड होतो. घर म्हणजे लेखक ज्या वास्तूत जन्मला, राहिला किंवा वारला ती वास्तू. स्मारक कोठेही उभारता येते. रामटेकच्या टेकडीवर कालिदास स्मारक आहे. ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे रामटेकच, या परंपरेमुळे आणि वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी त्या मताला दिलेल्या आधारामुळे ते तेथे आहे, कालिदासाचे घर तेथे होते म्हणून नव्हे. संग्रहालयात वस्तू असतात, पण वास्तू लेखकाची असेलच असे नाही. नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कपडे, टंकलेखन यंत्र आणि नित्य वापरातील इतर वस्तू जपल्या आहेत; बाबासाहेब तेथे राहत नव्हते, तरी तेथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह हे मात्र निव्वळ सभागृह आहे. ‘भटांचे घर तेच का?’ असे आम्हाला एकाहून अधिक वेळा विचारले गेले आहे, म्हणून हे स्पष्ट करणे भाग पडले.

२. एवढे कवी-लेखक नागपुरात होऊन गेले. मग शहरातले एखादे घर तुम्ही का दाखवत नाही?

हा प्रश्न बहुधा रागाने विचारला जातो आणि तो राग रास्त आहे. ग्रेस, सुरेश भट, राम शेवाळकर, शरच्चंद्र मुक्तिबोध अशी नावे या शहराशी जोडलेली आहेत. परंतु लेखक ज्या घरांत राहिले ती घरे कुटुंबीयांची, घरमालकांची किंवा पुढे विकत घेणाऱ्यांची असतात, आणि कोणाच्या खासगी घराचा पत्ता आम्ही देत नाही (प्रश्न ११ पाहावा). हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध १९४८ ते १९५८ अशी दहा वर्षे नागपुरात होते. येथे त्यांनी सरकारी माहिती खात्यात आणि आकाशवाणीवर नोकरी केली, ‘नया खून’ या साप्ताहिकाचे काम पाहिले आणि हयातीतली महत्त्वाची वर्षे ओढगस्तीत काढली. पण त्यांचे जे घर जतन झाले ते येथे नाही, छत्तीसगडमधील राजनांदगावला आहे (प्रश्न ४).

३. पहिल्यांदाच जायचे आहे आणि एकच दिवस हाताशी आहे. कोठे जावे?

वर्धा जिल्ह्यात जावे. सेवाग्राम नागपूरहून सुमारे ७५ किलोमीटर आहे आणि रस्त्याने गेल्यास पवनार वर्ध्याच्या आधीच लागते. म्हणून सकाळी पवनार, दुपारी सेवाग्राम आणि परतताना गोपुरीचे गीताई मंदिर असा क्रम सोयीचा पडतो.

गांधीजींकडे लेखक म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नाही. पण ज्यांचे समग्र वाङ्मय इंग्रजीत १०० खंड भरेल इतके आहे, त्यांना लेखक म्हणायचे नाही तर कोणाला म्हणायचे? १९३६ साली ते सेवाग्रामला राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. आदि निवास ही तेथली पहिली कुटी बांधताना शंभर रुपयांपेक्षा अधिक खर्च होऊ नये आणि साहित्य जवळपासचेच असावे, अशी त्यांची अट होती. बापू कुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेन यांच्यासाठी बांधलेली होती. मातीच्या भिंती, बोरूच्या चटया, खाली बैठक आणि समोर लिहिण्यापुरती जागा, एवढ्यात हा माणूस दिवसाला कितीतरी पत्रे लिहीत वा लिहवून घेत असे. बाहेर साप पकडण्याचा चिमटा आणि पिंजरा ठेवला आहे. पकडलेला साप न मारता दूर नेऊन सोडण्यासाठी तो होता. लहान मुले आणि मोठी माणसेही सर्वांत जास्त वेळ त्याच्यासमोरच थांबतात.

सहसा लोक बापू कुटी पाहून परततात. तसे करू नये. त्याच आवारात महादेवभाई देसाईंची कुटी आहे. गांधीजींची आत्मकथा गुजरातीतून इंग्रजीत ज्यांनी नेली ते हे महादेवभाई, आणि अनुवादकाचे घर जतन झाल्याचे उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडते. परचुरे कुटीही पाहावी. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री तेथे राहत आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. शेत खणताना सापडलेल्या प्राचीन मूर्ती तेथे भिंतींत आणि आवारात बसवल्या आहेत. भरत-भेटीचे शिल्प त्यांतलेच. १९५९ साली विनोबांनी येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले आणि ते आजही चालू असल्यामुळे ही जागा संग्रहालयासारखी नाही, कोणाच्या तरी दिनक्रमात आपण पाहुणे म्हणून शिरतो आहोत, हे भान ठेवावे. गोपुरीच्या गीताई मंदिराला छप्पर नाही. उभ्या शिळांवर ‘गीताई’चे अठरा अध्याय कोरलेले आहेत आणि वाचत वाचत चालत जायचे, एवढीच तेथील रचना.

४. मुक्तिबोध तर हिंदीचे कवी. मराठी वाचकाने त्यांच्यासाठी राजनांदगाव का गाठावे?

मुक्तिबोधांच्या घरात मराठी बोलली जात होती, त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतील महत्त्वाचे कवी, आणि नागपूरची दहा वर्षे वर आलीच आहेत. एकाच घरातला एक भाऊ हिंदीचा आणि दुसरा मराठीचा झाला, ही गोष्ट मध्य प्रांताच्या जुन्या राजधानीत राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावी लागू नये.

त्यापेक्षा मोठे कारण ती वास्तू हे आहे. १९५८ साली ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून गेले. महाविद्यालय जुन्या राजवाड्यात होते, शेजारी राणीसागर आणि बूढ़ासागर हे तलाव, आणि राहायला मिळालेल्या जागेत एक नागमोडी, चक्राकार जिना. त्यांच्या कवितेतले अंधारे जिने, पडके बुरूज आणि खोल विहिरीतला ब्रह्मराक्षस ज्याने वाचला आहे, त्याला त्या जिन्यापाशी उभे राहिल्यावर काही सांगावे लागत नाही. जतन केलेले घर पाहून लेखन अधिक कळते, या विधानावर आमचा सरसकट विश्वास नाही (प्रश्न ९). पण हे घर त्याला अपवाद आहे. येथे केवळ सहा वर्षे मिळाली. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते वारले आणि पहिला कवितासंग्रह मृत्यूनंतर आला. तोच परिसर आता ‘त्रिवेणी’ म्हणून ओळखला जातो, कारण पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि बलदेवप्रसाद मिश्र या हिंदी लेखकांच्या स्मृतीही तेथेच जपल्या आहेत.

राजनांदगाव हावडा मार्गावर, गोंदिया-डोंगरगडच्या पुढे आहे. सकाळी निघून रात्री परतता येते.

५. बंद असण्याचा वार कोणता?

सोमवार, असे धरून चालण्याची पद्धत आहे आणि दिल्लीतील गालिबची हवेली किंवा कोलकात्यातील रवींद्रनाथांची जोडासाँको ठाकूरबाडी यांच्याबाबत ते बरोबरही आहे. शांतिनिकेतनात मात्र आठवड्याची सुट्टी बुधवारी असते. आश्रमांना साप्ताहिक सुट्टी असतेच असे नाही, तर एखाद्या गावातले घर केवळ किल्लीवाला गावात आहे की नाही यावर उघडते. एका घरासमोर आम्ही अकरा जण दीड तास उभे होतो. फलकावर ‘दररोज १० ते ५’ असे लिहिले होते आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते लग्नाला गेले होते. तेव्हापासून आदल्या दिवशी आणि निघायच्या सकाळी, असे दोनदा दूरध्वनी केल्याशिवाय आम्ही निघत नाही. पुण्यतिथी-जयंतीच्या दिवशी घर नक्की उघडे असते, परंतु भाषणे आणि हारतुऱ्यांच्या गर्दीत घर दिसत नाही.

६. मुलांना सुट्टी मे महिन्यातच असते. तेव्हा जावे का?

विदर्भात नको. कोकणात आणि कर्नाटकातील मलनाड या डोंगराळ भागात मे महिना सोसवतो, पण तेथे जूनचा पहिला आठवडा उजाडण्यापूर्वी परतावे.

७. मुंबई-पुण्याकडे जाताना वाटेत काही पाहता येईल का?

येईल, आणि सर्वांत आधी जळगाव. नागपूरहून भुसावळमार्गे मुंबईला जाणाऱ्या गाड्या जळगावला थांबतात. जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात बहिणाबाई चौधरी यांचे घर कुटुंबीयांनी स्मृती म्हणून जपले आहे. बहिणाबाई (१८८०–१९५१) लिहायला शिकल्या नव्हत्या. जात्यावर, शेतात, चुलीपुढे सुचलेल्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एका आप्ताने टिपून ठेवल्या आणि आचार्य अत्र्यांच्या आग्रहामुळे १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. त्यामुळे येथे लेखणी, दौत, टेबल असे काही शोधू नये. ज्या वस्तू आपण एरवी ‘घरगुती’ म्हणून ओलांडून पुढे जातो, त्याच येथे लेखनाचे साहित्य आहेत, आणि म्हणून लेखकाच्या घराची नेहमीची कल्पना घेऊन येणाऱ्याची येथे चांगलीच फजिती होते.

पुढे नाशिकला टिळकवाडीत कुसुमाग्रजांचे घर आहे. गंगापूर रस्त्यावरचे कुसुमाग्रज स्मारक वेगळे, त्यामुळे रिक्षावाल्याला नीट सांगावे. पुण्यात गंज पेठेतील महात्मा फुले वाडा आणि नारायण पेठेतील केसरी वाडा ही दोन्ही ठिकाणे अर्ध्या दिवसात होतात. फुले वाड्याच्या अंगणातील तुळशी वृंदावन म्हणजे जोतीरावांची समाधी आहे.

कोकणासाठी स्वतंत्र चार दिवस काढावेत. गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या तेथील स्मारकाचे उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. रत्नागिरीत टिळकांचे जन्मस्थान आहे आणि दापोली तालुक्यातील पालगडला साने गुरुजींचे.

८. आत छायाचित्रे का काढू देत नाहीत?

प्रकाशाने शाई आणि कागद विटतो, म्हणून कॅमेऱ्याच्या लखलखाटाला (फ्लॅशला) बंदी असणे योग्यच आहे. त्याखेरीज चोरीची भीती असते. शांतिनिकेतनातील संग्रहालयातून २००४ साली रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीस गेले आणि आता तेथे प्रतिकृती पाहावी लागते. कर्नाटकातील कुप्पळ्ळी येथे कन्नड कवी कुवेंपूंच्या तीन मजली लाकडी घरातही आत छायाचित्रणाला मनाई आहे. तिसरे कारण कोणी फलकावर लिहीत नाही: अरुंद खोलीत दहा जण छायाचित्रे काढू लागले की अकराव्याला काहीही दिसत नाही.

९. तेथे ठेवलेले टेबल, चष्मा, खाट खरोखर त्याच लेखकाची असते का? आणि ‘येथेच अमुक पुस्तक लिहिले’ हे खरे मानावे का?

वस्तूंचे तीन प्रकार असतात: लेखकाची मूळ वस्तू, त्या काळातील तशीच दुसरी वस्तू आणि नव्याने केलेली प्रतिकृती. चांगल्या ठिकाणी तशी चिठ्ठी लावलेली असते. नसेल तर सौजन्याने विचारावे. वास्तूचेही तसेच असते. मातीच्या कुटीला दर काही काळाने लिंपावेच लागते, छपराची कौले बदलावी लागतात. त्यामुळे ‘जसेच्या तसे’ याचा अर्थ ‘त्याच मापाचे, त्याच पद्धतीचे’ एवढाच घ्यावा, आणि त्यात फसवणूक नाही.

दुसऱ्या भागाबद्दल अधिक सावध राहावे. घरे पाहून आल्यावर ध्यानात येते की मराठीतील कितीतरी पुस्तके घरात लिहिलीच गेलेली नाहीत. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले आणि १९१५ साली प्रसिद्ध झाले. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली, आणि ती उतरवून घेणारे सहबंदी होते साने गुरुजी. त्याच साने गुरुजींनी पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. पालगडचे घर पाहताना म्हणून असे म्हणावे की पुस्तकातील घर ते हे, पुस्तक लिहिले ते घर हे नव्हे. आमच्या सहलीत आम्ही हा फरक दारातच सांगतो. काही जणांचा विरस होतो, पण आईच्या आठवणी सांगणारा माणूस कोठडीत बसून कोणते अंगण आठवत होता, हे मग अधिक नीट पाहिले जाते.

१०. लेखकाचे काहीच वाचलेले नसेल तर जाऊ नये का?

जावे. मात्र निघण्यापूर्वी एक कविता किंवा दहा पाने तरी वाचावीत, आणि शक्य झाल्यास ती जागेवर एकाने मोठ्याने वाचावीत, तेवढी परवानगी सहसा मिळते. पुस्तके सीताबर्डीवर मिळाली नाहीत तर विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात चौकशी करावी.

११. लेखकाचे कुटुंब अजून तेथेच राहते असे कळले. दार वाजवले तर चालेल का?

आधी विचारून, वेळ ठरवून आणि नकार मिळाल्यास वाईट न वाटून घेता जायची तयारी असेल तरच. मुंबईतील दादरच्या ‘राजगृहा’चे उदाहरण घ्यावे. बाबासाहेबांनी ग्रंथसंग्रहासाठी मुद्दाम बांधून घेतलेल्या या घराचा तळमजला पाहता येतो, पण वर कुटुंबीयांचा वावर आहे आणि जिना चढून जाणे हे पाहुण्याचे काम नव्हे. भिंतीवर महापालिकेची पाटी असणे म्हणजे आत येण्याचे आमंत्रण नसते. रस्त्यावरून पाटी वाचावी, नमस्कार करावा आणि पुढे जावे. दिवंगत लेखकाच्या पत्नीला किंवा मुलांना ‘ते घरी कसे वागायचे?’ असे दारात विचारणारे लोक आम्ही पाहिले आहेत; तसे करणाऱ्यांना पुन्हा सहलीला नेत नाही.

१२. लेखक भाड्याच्या घरात राहत असेल तर ते घर कसे जतन होते? शेजाऱ्यांची हरकत असेल तर?

अवघड असते. गालिबने आयुष्यात स्वतःचे घर कधी घेतले नाही. बल्लीमारानमधील गली कासिम जान येथील ज्या हवेलीत तो अखेरीस राहिला, तिचा आज थोडासाच भाग स्मारक म्हणून उघडा आहे. म्हैसूरचे आर. के. नारायण यांचे यादवगिरीतील घर स्वतःचे होते, तरी ते पाडले जाण्याच्या बेतात असताना लोकांनी आवाज उठवला, महापालिकेने ते घेतले आणि २०१६ साली संग्रहालय म्हणून खुले केले. लंडनमध्ये १० किंग हेन्रीज रोड येथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. पण राहत्या घराचे संग्रहालय करण्यास स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली, शेजाऱ्यांनीही तक्रार केली होती, आणि २०२० साली ब्रिटिश सरकारने परवानगी दिल्यावर प्रश्न सुटला. म्हणजे घर विकत घेतल्यानेही काम संपत नाही.

आपल्याकडे १९६० चा राज्य संरक्षित स्मारकांचा कायदा आणि महापालिकेची वारसा यादी असे दोन मार्ग आहेत. पण वारसा यादीत नाव आल्याने घराचा मालक बदलत नाही आणि दुरुस्तीचा खर्च बहुधा मालकाच्याच माथी राहतो. ‘सरकारने एवढेसे घर का घेतले नाही?’ असे विचारण्यापूर्वी घरमालकाच्या तीन वारसांशी एकदा बोलून पाहावे.

१३. आईचे गुडघे दुखतात. तिला कोठे नेता येईल?

सेवाग्रामचे आवार सपाट आहे, पण कुट्यांना उंबरे आहेत आणि चपला काढाव्या लागतात; दुपारी जमीन तापते, म्हणून मोजे जवळ ठेवावेत. जुन्या वाड्यांचे जिने अंधारे आणि उभे असतात. राजनांदगावच्या जिन्याचे वर्णन वर आलेच आहे. तो खालून पाहण्यातही कमीपणा नाही.

१४. मुलाकडे परदेशी जाणार आहोत. तिकडे काय वेगळे?

तिकडे बहुतेक ठिकाणी वेळ आधी राखून ठेवावी लागते. ॲम्स्टरडॅमच्या ॲन फ्रँक घराची तिकिटे केवळ संकेतस्थळावर मिळतात आणि लवकर संपतात; दारात जाऊन प्रवेश मिळत नाही. ज्या घरात एका मुलीने लपून रोजनिशी लिहिली, तेथे गप्पा मारत फिरता येत नाही, हे नातवंडांना आधीच सांगावे.

१५. आमच्या घरी एका दिवंगत लेखक नातेवाइकाची हस्तलिखिते आणि पत्रे आहेत. ती एखाद्या घर-संग्रहालयाला द्यावीत का?

द्यावीत, पण घाई करू नये. कागदांना लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, टाचण्या आणि क्लिपा गंजण्यापूर्वी काढाव्यात, आणि क्रमांक घालायचे झाल्यास मऊ पेन्सिलने कोपऱ्यात घालावेत. कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात होता, हे मोडण्यापूर्वी लिहून ठेवावे, कारण अभ्यासकाला क्रमही हवा असतो. देताना यादी दोन प्रतींत करून पोच घ्यावी आणि वस्तू दान म्हणून देतो आहोत की सांभाळायला, हे त्यात स्पष्ट लिहावे.

येथे एक गुंता आहे. कागद ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे लेखनाचा हक्क असतोच असे नाही. लेखकाने दुसऱ्याला लिहिलेले पत्र त्या दुसऱ्याच्या कपाटात असले, तरी ते छापण्याचा हक्क लेखकाच्या वारसांकडे राहतो. भारतात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनाला मात्र ही ६० वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. म्हणून पत्रे संग्रहालयाला देण्याआधी वारसांची लेखी संमती घ्यावी, आणि ती मिळेपर्यंत कागद सुती कापडात गुंडाळून, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात, जमिनीपासून उंच ठेवावेत.